ग्रीक तत्त्वज्ञान अगदी पहिल्यापासून: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी कॉलेजात फिलॉसॉफी घेतली नव्हती आणि आता वाचावंसं वाटतंय त्यांच्यासाठी हे लिहिलंय. स्पर्धा परीक्षेवाले पण यात आले, कारण युपीएससीच्या एथिक्सच्या पेपरला भारतातले आणि बाहेरचे विचारवंत असतात आणि बरेच जण एक नाव आणि त्याच्यापुढे एक वाक्य असं पाठ करून जातात. थेलीस म्हणजे पाणी, हेराक्लायटस म्हणजे नदी, प्लेटो म्हणजे गुहा. असं पाठ केलं की हे सगळे लोक वेडे वाटायला लागतात. खरं तर यातला प्रत्येक जण आधीच्या कुणालातरी उत्तर देत होता, आणि ते भांडण कशावरून चाललंय हे कळलं की पाठ करायची गरजच राहत नाही.

प्र. तत्त्वज्ञान म्हणजे नेमकं काय करतात?

एखादी गोष्ट आपण खरी मानतो, तर ती का मानायची, हे विचारत विचारत मुळापर्यंत जायचं आणि प्रत्येक पायरीवर कारण द्यायचं, एवढंच. मोठ्यांनी सांगितलं म्हणून किंवा सगळे तसंच करतात म्हणून, हे कारण इथे चालत नाही. ढोबळमानाने चार प्रश्न धरा. जगात मुळात आहे काय, याला सत्तामीमांसा किंवा मेटाफिजिक्स म्हणतात. आपल्याला काही कळतं म्हणजे नक्की काय होतं, ही ज्ञानमीमांसा. वागायचं कसं, हे नीतिशास्त्र. आणि अमुक गोष्टीवरून तमुक गोष्ट खरंच निघते का, हे तर्कशास्त्र. राज्य कसं असावं, सुंदर कशाला म्हणायचं वगैरे प्रश्न याच्याच आजूबाजूला येतात.

प्र. सुरुवात ग्रीसमध्येच झाली का? आपल्याकडे नव्हतं का काही?

होतं की, भरपूर होतं. उपनिषदं आहेत, बुद्ध आहे, जैन आहेत, चार्वाक आहेत, आणि साधारण त्याच काळात चीनमध्ये कन्फ्यूशियस होता. ग्रीस ही पाश्चात्त्य परंपरेची सुरुवात आहे, जगातल्या विचाराची नाही. आणि तीसुद्धा आजच्या ग्रीसमध्ये झाली नाही, ती झाली मायलीटस नावाच्या बंदरात, जे आज तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर येतं. व्यापारी शहर, इजिप्त आणि बॅबिलोनकडच्या लोकांची ये-जा, म्हणजे एकाच जगाबद्दल दहा वेगवेगळ्या कथा कानावर पडणार, आणि मग यातली खरी कुठली हा प्रश्न कुणाला तरी पडणारच.

प्र. थेलीस म्हणाला सगळं पाण्यापासून बनलंय. हे तर चुकीचं आहे, मग त्याला एवढा मान का?

कारण उत्तर चुकलं तरी प्रश्न नवीन होता. हे जे हजार प्रकारचं दिसतंय त्याच्या मागे एकच काहीतरी आहे का, आणि ते देवांच्या कथा न सांगता सांगता येईल का? पाणीच का, तर ॲरिस्टॉटलचा अंदाज असा की अन्न ओलं असतं, बी ओलं असतं, जिवंत गोष्टीत ओलावा असतो हे थेलीसने पाहिलं असणार. म्हणजे बघून केलेला तर्क आहे. इ.स.पू. ५८५ च्या सूर्यग्रहणाचं भाकीत त्याने केलं होतं असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. आणि ऑलिव्हचं पीक चांगलं येणार हे ओळखून त्याने हिवाळ्यातच आसपासचे सगळे तेलाचे घाणे स्वस्तात भाड्याने घेऊन ठेवले आणि हंगामात बक्कळ पैसा केला, ही गोष्ट ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलीय.

पण मला थेलीसपेक्षा त्याच्या मागून आलेला ॲनॅक्झिमँडर जास्त आवडतो. थेलीसचं म्हणणं पृथ्वी पाण्यावर तरंगते. मग पाणी कशावर आहे? ॲनॅक्झिमँडर म्हणाला पृथ्वी कशावरच नाहीये, ती मधोमध आहे, सगळ्या बाजूंपासून सारख्या अंतरावर, त्यामुळे इकडे पडायचं की तिकडे याला काही कारणच नाही, म्हणून ती पडत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी, दुर्बीण नाही काही नाही, नुसत्या तर्काने! आणि सगळ्याचं मूळ पाणी असेल तर त्याच्या उलट असलेली आग कशी काय टिकली, असंही त्याच्या बाजूने म्हणता येतं, म्हणून त्याने मूळ द्रव्याला काही ठराविक गुणच दिला नाही, नुसतं अमर्याद म्हटलं. शहर तेच, पिढी पुढची, आणि मोठ्या माणसाचं म्हणणं कारण देऊन खोडलं तरी चालतं. इथेच तत्त्वज्ञान सुरू झालं असं मला वाटतं.

प्र. हेराक्लायटस म्हणतो सगळं बदलतं, पार्मेनिडीस म्हणतो काहीच बदलत नाही. दोघांपैकी खरं कोण?

हेराक्लायटस समजायला सोपा वाटतो. इफिससचा माणूस, इ.स.पू. ५०० च्या सुमाराचा. नदीत पाय टाकणाऱ्यावरून सतत नवं नवं पाणी वाहत जातं. पण नीट बघा, नदी तीच राहते आणि पाणी बदलतं, उलट पाणी बदलायचं थांबलं तर ती नदीच राहणार नाही, डबकं होईल. म्हणजे त्याचं म्हणणं नुसतं "सगळं क्षणभंगुर आहे" एवढं नाहीये, बदलामुळेच काही गोष्टी टिकतात असं आहे, आणि त्या बदलाला एक नियम आहे, त्याला तो लोगोस म्हणतो.

पार्मेनिडीस दक्षिण इटलीतल्या एलियाचा. त्याने आपलं म्हणणं चक्क कवितेत लिहिलंय. युक्तिवाद असा: जे नाही त्याचा विचार करता येत नाही, कारण विचार करायचा तर कशाचा? आता बदल म्हणजे काय, तर जे नव्हतं ते झालं. पण नव्हतं म्हणजे काहीच नव्हतं, आणि काहीच नाही यातून काही येणार कसं? म्हणून बदल अशक्य. आपल्याला बदल दिसतो? मग डोळे फसवतायत.

वाचून हसू येतं, पण यातली कुठली पायरी चुकली ते बोट ठेवून दाखवा बघू. ग्रीक लोकांना पुढची शंभर वर्षं याचंच उत्तर शोधावं लागलं. एम्पेडोक्लीस म्हणाला पृथ्वी, पाणी, हवा, आग ही चार मूळं बदलत नाहीत, ती नुसती मिसळतात आणि वेगळी होतात. ल्युसिपस आणि डेमॉक्रिटस म्हणाले न तुटणारे कण आहेत, कण स्वतः बदलत नाहीत पण पोकळीत फिरतात आणि जुळतात, आपल्याला दिसतो तो बदल म्हणजे त्यांची मांडणी बदलते. म्हणजे अणूची कल्पना प्रयोगशाळेतून आली नाही, ती एका कवितेतल्या युक्तिवादाला उत्तर म्हणून आली!

प्र. मग डेमॉक्रिटसने अणूचा शोध लावला असं म्हणायचं का?

नाही. आजचा अणू तुटतो, त्याचा तुटत नाही. आणि जॉन डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे मांडलं त्याच्यामागे वजनं-मापं होती, डेमॉक्रिटसकडे नुसता तर्क होता. कल्पना मात्र भन्नाट होती हे मान्य. आपल्याकडे वैशेषिक दर्शनवाल्यांनीही परमाणू मांडलेत पण वेगळ्या कारणांसाठी, आणि दोघांची स्पर्धा लावण्यात काही हशील नाही.

प्र. अकिलीस आणि कासवाचं कोडं सुटलं का?

हे एलियाच्या झीनोचं, पार्मेनिडीसच्या शिष्याचं. अकिलीस म्हणजे ग्रीक कथांतला वीर, तो कासवाच्या दहापट वेगाने पळतो असं धरा आणि कासवाला १०० मीटर पुढे ठेवा. अकिलीस १०० मीटर जाईपर्यंत कासव १० पुढे, तो १० जाईपर्यंत ते १ पुढे, असं कधी संपणारच नाही, मग अकिलीस त्याला गाठणार कसा?

शाळेतलं गणित म्हणतं की १०० + १० + १ + ०.१ असं अनंतापर्यंत मिळवत गेलं तरी बेरीज मर्यादितच येते, १११ मीटरच्या जरा पुढे, तिथे तो गाठतो. बरेच जण इथे थांबतात. पण झीनोला कुठे गाठतो हे विचारायचंच नव्हतं, पळणारा माणूस गाठतो हे त्यालाही दिसत होतं. त्याचा प्रश्न असा की अनंत कामं एकामागून एक पूर्ण होतात म्हणजे नक्की काय होतं? अंतराचे खरंच अनंत तुकडे असतात का? यावर अजूनही लिहिलं जातं. आणि हो, स्टोइक पंथाचा झीनो वेगळा, सायप्रसमधल्या सिटियमचा, जवळजवळ दीडशे वर्षांनी नंतरचा. परीक्षेत या दोघांची सरमिसळ हमखास होते.

प्र. सोफिस्ट म्हणजे फसवे लोक का?

प्लेटो वाचून तसं वाटतं, पण प्लेटो त्यांच्या विरोधी पक्षात होता हे लक्षात ठेवा. अथेन्समध्ये लोकशाही होती आणि कोर्टात आपली बाजू आपणच मांडायची, वकील नाही. त्यामुळे बोलायला शिकवणाऱ्यांना मागणी होती आणि सोफिस्ट फी घेऊन शिकवायचे. त्यातला प्रोटॅगोरस म्हणायचा माणूस हेच सगळ्याचं मोजमाप. तुला वारा गार लागतो तर तुझ्यासाठी गार, मला नाही लागत तर माझ्यासाठी नाही. वाऱ्याच्या बाबतीत ठीक आहे, पण न्याय-अन्यायाचंही तसंच आहे का? सॉक्रेटिस समजायचा असेल तर हा प्रश्न आधी डोक्यात पाहिजे.

प्र. सॉक्रेटिसने काहीच लिहिलं नाही, मग त्याचे विचार आपल्याला कळले कसे?

मुख्य तीन जणांकडून. प्लेटो आणि झेनोफन हे दोघं त्याला ओळखणारे आणि मानणारे, आणि ॲरिस्टोफेनिस हा विनोदी नाटककार, ज्याने इ.स.पू. ४२३ च्या नाटकात त्याची टर उडवली. तिघांचा सॉक्रेटिस वेगवेगळा आहे. प्लेटोच्या सुरुवातीच्या छोट्या संवादांत जो दिसतो तो खऱ्या माणसाच्या जवळचा आणि पुढच्या मोठ्या संवादांत प्लेटोच त्याच्या तोंडून बोलतो, असं बरेच अभ्यासक मानतात, पण यावर वाद आहे.

प्र. "मला एवढंच कळतं की मला काहीच कळत नाही" असं तो खरंच म्हणाला का?

या शब्दांत नाही. प्लेटोच्या "अपॉलॉजी"त, म्हणजे सॉक्रेटिसच्या कोर्टातल्या भाषणात, जे आहे ते जास्त बारीक आहे. डेल्फीच्या देवळात लोक देवाला प्रश्न विचारायचे, तिथे त्याच्या मित्राला उत्तर मिळालं की सॉक्रेटिसपेक्षा शहाणा कुणी नाही. सॉक्रेटिसला पटेना, म्हणून तो शहाणे समजले जाणाऱ्यांकडे गेला, पुढाऱ्यांकडे, कवींकडे, कारागिरांकडे. आणि त्याच्या लक्षात आलं की ज्याचं ज्ञान नाही तेही आपल्याला आहे असं या लोकांना वाटतं, मला निदान तसं वाटत नाही, एवढ्यापुरता मी पुढे. कारागिरांना त्यांचं काम खरंच येत होतं हेही तो मान्य करतो. म्हणजे "काहीच कळत नाही" असं त्याचं म्हणणं नाहीये. काही बाबतीत तर तो एकदम ठाम आहे, उदाहरणार्थ अन्याय करणं वाईट, आपल्यावर अन्याय झाला तरी उलट अन्याय करायचा नाही.

प्र. त्याची प्रश्न विचारायची पद्धत उदाहरणासकट सांगा.

"युथिफ्रो" हा संवाद घ्या, तासाभरात वाचून होतो. युथिफ्रो स्वतःच्या बापावर खुनाचा खटला भरायला निघालाय. झालेलं असं की त्यांच्याकडच्या एका मजुराने दारूच्या नशेत घरातल्या गुलामाला मारलं, बापाने त्या मजुराला बांधून खड्ड्यात टाकलं आणि पुढे काय करायचं ते विचारायला अथेन्सला माणूस पाठवला, तो परत येईपर्यंत मजूर थंडी-भुकेने मेला. घरचे म्हणतात बापावर खटला भरणं हे पाप, युथिफ्रो म्हणतो हेच पुण्य, देवांना काय आवडतं ते मला पक्कं माहितीये. सॉक्रेटिस म्हणतो वा, मग मला शिकव, पुण्य म्हणजे काय?

युथिफ्रो आधी म्हणतो मी आत्ता करतोय ते. सॉक्रेटिस: हे उदाहरण झालं, मी व्याख्या विचारली. मग तो म्हणतो देवांना आवडतं ते. सॉक्रेटिस: पण तुझेच देव आपापसात भांडतात, एकाला आवडतं ते दुसऱ्याला नाही. बरं, सगळ्या देवांना आवडतं ते. आणि इथे तो प्रश्न येतो: पुण्य आहे म्हणून देवांना आवडतं, का देवांना आवडतं म्हणून ते पुण्य?

दोन्हीकडे अडचण आहे. देवांना आवडतं म्हणून पुण्य म्हणालात तर उद्या देवांना क्रूरपणा आवडला तर तोही पुण्य होईल. आणि पुण्य आहे म्हणून आवडतं म्हणालात तर ते पुण्य का आहे याचं कारण देवांच्या बाहेर कुठेतरी आहे, ते अजून तुम्ही सांगितलंच नाही. "देव"च्या जागी "कायदा" घाला, "समाज" घाला, "परंपरा" घाला, प्रश्न तसाच उभा राहतो. युथिफ्रोला शेवटी अचानक काम आठवतं आणि तो निघून जातो. उत्तर मिळतच नाही, आणि नवीन वाचणाऱ्याला याचाच वैताग येतो. पण तीन चुकीची उत्तरं का चुकीची आहेत हे आता पक्कं कळलेलं असतं, हे काही कमी नाही.

प्र. सॉक्रेटिसला मारलं का? नुसते प्रश्न विचारल्याबद्दल?

आरोप दोन होते: शहराचे देव न मानता नवीन दैवतं आणतो, आणि तरुणांना बिघडवतो. इ.स.पू. ३९९, वय ७०. चिठ्ठी टाकून निवडलेले साधारण ५०० नागरिक ज्युरी, खटला एका दिवसात उरकायचा. ३० मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटलो असतो असं तो स्वतः म्हणतो, म्हणजे तसा काठावरचा निकाल. मग शिक्षेसाठी दोन्ही बाजूंनी पर्याय सुचवायचा असतो. फिर्यादींनी मृत्युदंड मागितला, आणि सॉक्रेटिस म्हणाला मी शहराचं भलंच केलंय तर मला ऑलिंपिक विजेत्यांसारखं सरकारी खर्चाने जेवण द्या. नंतर मित्रांच्या भरवशावर ३० मीना (तेव्हाचं पैशाचं माप) दंड सुचवला, पण ज्युरीने मृत्युदंडच दिला.

आता यामागचं राजकारण बघा, त्याशिवाय हा खटला कळत नाही. इ.स.पू. ४०४ ला अथेन्स स्पार्टाकडून युद्ध हरलं आणि तीस जणांची हुकूमशाही आली, त्यांनी पुष्कळ माणसं मारली. त्यांचा पुढारी क्रिटियस सॉक्रेटिसच्या बैठकीतला होता, प्लेटोच्या आईकडून नात्यातला पण. शत्रूला जाऊन मिळालेला आल्सिबायडीस हाही सॉक्रेटिसचा लाडका. लोकशाही परत आली तेव्हा सर्वांना माफी जाहीर झाली होती, त्यामुळे जुन्या राजकारणावरून उघड खटला भरता येत नव्हता. म्हणून हे आरोप, असं अनेकांना वाटतं.

पण तो हुकूमशहांचा माणूस होता का? त्या तिसांनी त्याला चार जणांबरोबर सॅलमिसच्या लिऑनला पकडून आणायला सांगितलं, बाकीचे गेले, सॉक्रेटिस सरळ घरी निघून गेला. आणि त्याआधी इ.स.पू. ४०६ मध्ये लोकशाही असताना चिडलेल्या सभेला सेनापतींवर एकगठ्ठा खटला चालवायचा होता, जो कायद्यात बसत नव्हता, तेव्हा त्यालाही त्याने विरोध केला होता. दोन्ही वेळा जीव जाऊ शकत होता. सॉक्रेटिसबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या दोन प्रसंगांमुळे, विषाच्या पेल्यामुळे नाही.

प्र. तो पळून का नाही गेला?

संधी होती. डीलॉस बेटावर गेलेलं पवित्र जहाज परत येईपर्यंत कुणाला मृत्युदंड देत नसत, त्यामुळे तो महिनाभर तुरुंगात होता आणि त्याचा मित्र क्रिटो याने पळून जायची सगळी व्यवस्था केली होती. त्याचं उत्तर थोडक्यात: आयुष्यभर या शहराच्या कायद्यांचा फायदा घेतला, पटत नसते तर सोडून जाता आलं असतं, आता निकाल विरुद्ध गेला म्हणून ते मोडायचे हे बरोबर नाही. मला हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही, कारण अन्यायाचा निकाल पाळणं म्हणजे अन्यायाला हातभार नाही का? "क्रिटो" वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

प्र. प्लेटोच्या "फॉर्म्स" म्हणजे काय? डोक्यावरून जातं.

कंपासने वर्तुळ काढा. कितीही जपून काढलं तरी भिंगाखाली ते वेडंवाकडंच दिसणार. जगात कुठेच तंतोतंत वर्तुळ नाही. तरी वर्तुळाबद्दलची प्रमेयं आपल्याला पक्की माहिती आहेत आणि ती कधी बदलत नाहीत. मग ती प्रमेयं कशाबद्दल आहेत? कागदावरच्या आकृतीबद्दल नक्कीच नाहीत. प्लेटो म्हणतो वर्तुळ असं काहीतरी आहे जे डोळ्याला दिसत नाही, बुद्धीला कळतं, आणि कागदावरची वर्तुळं त्याच्या कच्च्या नकला. आता हेच न्यायाला, सौंदर्याला, चांगलेपणाला लावा. हे झाले फॉर्म्स.

इथे आधीची सगळी भांडणं एकत्र येतात बघा. दिसणारं जग हेराक्लायटसचं, सतत बदलणारं. फॉर्म्सचं जग पार्मेनिडीसच्या सत्यासारखं, न बदलणारं. आणि न्याय ज्याचा त्याचा वेगळा नाही हे प्रोटॅगोरसला उत्तर.

"मेनो" संवादात सॉक्रेटिस एका न शिकलेल्या गुलाम मुलाला विचारतो की २ फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायला बाजू किती घ्यायची. मुलगा म्हणतो ४. पण मग क्षेत्रफळ १६ होतं, पाहिजे ८. मग ३ म्हणतो, तर ९ होतं. शेवटी नुसत्या प्रश्नांतून त्याला कळतं की कर्णावर चौरस काढायचा. प्लेटोचं म्हणणं, याला कुणी सांगितलं नाही, आत्म्याला आधीपासून माहीत होतं ते आठवलं. तुम्ही म्हणाल सॉक्रेटिसचे प्रश्नच उत्तर सुचवत होते, आणि ही शंका रास्त आहे. स्वतः करून बघा, वही घ्या आणि आकृती काढा, हा भाग नुसता वाचून उपयोग नाही.

प्र. आणि गुहेचं रूपक?

"रिपब्लिक"च्या सातव्या भागात आहे. लहानपणापासून बांधलेले कैदी, समोर भिंत, मागे आग, आणि आगीसमोरून नेलेल्या वस्तूंच्या सावल्या भिंतीवर. त्यांच्यासाठी सावल्या हेच जग. एकाला सोडवून बाहेर नेतात, आधी डोळे दिपतात, मग हळूहळू दिसायला लागतं, शेवटी सूर्य. लोक एवढंच सांगतात. पण पुढे प्लेटो म्हणतो त्याने परत खाली गेलंच पाहिजे, आणि परत गेल्यावर अंधारात त्याला नीट दिसणार नाही म्हणून लोक हसतील, आणि त्यांच्या बेड्या सोडायला गेला तर त्याला मारूनही टाकतील. हे कुणाबद्दल लिहिलंय ते वेगळं सांगायला नको.

प्र. प्लेटो लोकशाहीच्या विरोधात होता का?

होता. त्याच्या शहराने त्याच्या गुरूला मतदान करून मारलं होतं. राज्य ज्ञानी लोकांनी करावं, त्यांना खाजगी मालमत्ता आणि कुटुंब नसावं असं तो म्हणतो. त्याचबरोबर लायक बाईही राज्य करू शकते असंही म्हणतो, जे त्या काळच्या अथेन्समध्ये ऐकायलाही विचित्र होतं. पण ज्ञानी कोण हे ठरवणार कोण आणि तो चुकला तर त्याला काढायचं कसं, याचं धड उत्तर त्याच्याकडे नाही असं माझं मत आहे.

प्र. ॲरिस्टॉटल त्याचाच विद्यार्थी, मग त्याला विरोध का केला?

स्टॅजिरा गावचा, डॉक्टरचा मुलगा, वयाच्या १७ व्या वर्षी प्लेटोच्या अकॅडमीत, म्हणजे त्याच्या शाळेत आला आणि २० वर्षं राहिला. गुरूचा अपमान वगैरे नाही, तिथली रीतच ती होती, फॉर्म्सवरचे सगळ्यात कडक आक्षेप तर प्लेटोने स्वतःच "पार्मेनिडीस" नावाच्या संवादात लिहून ठेवलेत. ॲरिस्टॉटलचा मुद्दा असा की घोडेपणा घोड्यांपासून वेगळा कुठेतरी वर आहे असं मानून घोड्याबद्दल नवीन काय कळलं? घोड्याचा आकार आणि रचना घोड्यातच आहे, तिथेच शोधा. आणि त्याने खरंच शोधलं. लेसबॉस बेटाच्या आसपास मासे कापून बघितले. एका जातीच्या लहान शार्कमध्ये पिल्लू आईच्या पोटात नाळेसारख्या भागाने जोडलेलं असतं हे त्याने लिहिलं, आणि त्याची नीट खातरजमा थेट एकोणिसाव्या शतकात झाली.

एखादी गोष्ट समजायची तर चार गोष्टी विचारा असं तो सांगतो: कशाची बनली, तिचं रूप काय, कुणी किंवा कशाने घडवली, आणि कशासाठी आहे. ब्राँझच्या पुतळ्याला हे सहज लागू होतं. निसर्गातल्या गोष्टींनाही "कशासाठी" असतं यावरून मात्र पुढे फार मोठा वाद झाला, आणि आधुनिक विज्ञानाने भौतिकशास्त्रातून तो प्रश्न काढूनच टाकला.

प्र. सुवर्णमध्य म्हणजे सगळीकडे मधलंच घ्यायचं का?

अजिबात नाही, याच्याइतका गैरसमज दुसऱ्या कशाचा नसेल. भित्रेपणा आणि आंधळं धाडस यांच्या मध्ये शौर्य आहे, उधळपट्टी आणि कंजूषपणा यांच्या मध्ये दातृत्व आहे, इथपर्यंत ठीक. पण मध्य म्हणजे गणितातली सरासरी नाही, हे तोच सांगतो: पैलवान मायलोला जो खुराक कमी पडेल तोच नवख्या पोराला जास्त होईल. योग्य वेळी, योग्य माणसावर, योग्य कारणाने, योग्य तेवढा राग येणं हा मध्य, म्हणजे कधी कधी खूप रागावणंच बरोबर असतं. आणि खून, चोरी यांना मध्य नसतोच, थोडासा खून चालेल असं नाही.

दुसरं म्हणजे चांगलं काय हे नुसतं माहीत असून माणूस चांगला होत नाही. न्यायाने वागून वागून माणूस न्यायी होतो, सवयीने. सगळ्याचं शेवटचं ध्येय तो युडायमोनिया म्हणतो, म्हणजे माणूस म्हणून भरभरून आणि चांगलं जगणं, आणि ते आयुष्यभरावरून ठरतं, एका आनंदी संध्याकाळीवरून नाही.

त्याच माणसाने काही लोक जन्मतःच गुलाम असतात असंही लिहिलंय, आणि बायकांची बुद्धी अधिकार चालवायला कमी पडते असंही. हे लपवायचं कारण नाही. "त्या काळात सगळेच तसं मानायचे" असं म्हणून सोडूनही देऊ नका, कारण गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे असं म्हणणारे लोक त्याच्या काळात होते, तो स्वतःच त्यांचा उल्लेख करतो. म्हणजे विरोधी युक्तिवाद समोर असताना तो चुकला.

प्र. ग्रीकांमध्ये बायका तत्त्वज्ञ होत्या का?

कमी, पण होत्या. प्लेटोच्या अकॅडमीत ॲक्सिओथिया आणि लॅस्थेनिया या दोघींची नावं मिळतात. हिपार्किया नावाची सिनिक पंथाची (रूढी झुगारून अगदी साधं राहणाऱ्यांच्या पंथाची) बाई घरचा पैसा सोडून रस्त्यावर राहिली आणि पुरुषांशी उघड वाद घालायची. आणि पुष्कळ नंतर अलेक्झांड्रियाची हायपेशिया, गणितही शिकवायची, इ.स. ४१५ मध्ये जमावाने तिला मारलं.

प्र. स्टोइक आणि एपिक्युरियन यातला फरक?

अलेक्झांडरनंतर छोटी शहरं मोठ्या राज्यांखाली गेली, आणि या शाळांचा मुख्य प्रश्न झाला, माणसाने शांत कसं राहायचं. एपिक्युरस म्हणजे खा-प्या-मजा करा हे साफ खोटं आहे. सुख हेच ध्येय म्हणायचा, पण सुख म्हणजे वेदना नसणं आणि मनाला घोर नसणं. मित्राला पत्रात लिहितो, चीजचं एक छोटं भांडं पाठव म्हणजे कधी वाटलं तर मेजवानी करता येईल. त्याची शाळा बागेत भरायची, तिथे बायका आणि गुलामही शिकायचे. मरणाची भीती नको, कारण आपण आहोत तोवर मरण नाही आणि मरण आलं की आपण नाही.

स्टोइक म्हणतात चांगलं फक्त सद्गुण, बाकी पैसा-तब्येत-नाव मिळालं तर बरं पण त्यावर सुख टांगू नका. एपिक्टेटस गुलाम म्हणून जन्मला आणि मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट होता, दोघं एकाच विचाराचे. आजकाल रील्समध्ये स्टोइक म्हणजे भावना दाबून पैसा कमावणारा पुरुष असं चाललंय, ते कृपा करून विसरा. सगळी माणसं एकाच विश्वनगरीची नागरिक आणि एकमेकांसाठी काम करायला जन्मलेली, हा त्यांचा निम्मा विचार आहे आणि तोच गाळतात.

प्र. या सगळ्याचा भारताशी काही संबंध आला का?

थोडा, आणि त्यावर अवास्तव इमले बांधू नयेत. पायरो नावाचा माणूस अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतात येऊन गेला, इथल्या नग्न साधूंना भेटला, आणि परत जाऊन कशाबद्दलच ठाम मत न देण्याची संशयवादी वाट त्याने सुरू केली. ती इथून नेली का, यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. "मिलिंदपञ्ह" या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिनँडर आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे, रथाचं उदाहरण देऊन "मी" म्हणून वेगळं काही आहे का हा प्रश्न त्यात येतो, वाचाच. आणि आपल्याकडे कार्ले, जुन्नर, नाशिकच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांचे (तेव्हा हा शब्द ग्रीकांसाठी होता) शिलालेख आहेत. पण ते बौद्ध झालेले दाते होते, त्यांच्याबरोबर प्लेटो इथे आला असं त्यावरून म्हणता येत नाही.

प्र. ग्रीकांनंतर एकदम देकार्त का येतो? मधे काय झालं?

मधे खूप झालं, पुस्तकं गाळतात. ॲरिस्टॉटलचं बरंचसं लिखाण पश्चिम युरोपात कुणाला माहीतच नव्हतं. नवव्या-दहाव्या शतकात बगदादमध्ये ते अरबीत आलं, इब्न सिना आणि कॉर्डोबाचा इब्न रुश्द यांनी त्यावर काम केलं, आणि बाराव्या शतकात टोलेडोसारख्या ठिकाणी लॅटिन भाषांतरं झाली. मग थॉमस अक्विनास वगैरे ख्रिस्ती विचारवंत. अरबी परंपरा नसती तर युरोपचा ॲरिस्टॉटल फारच उशिरा आणि वेगळा असता.

प्र. देकार्त, ह्यूम, कांट दोन मिनिटांत सांगा.

दोन मिनिटांत नाही होत पण धागा देतो. देकार्त १६४१ च्या पुस्तकात म्हणतो, ज्यावर शंका घेता येते ते सगळं बाजूला ठेवतो. डोळे फसवतात, स्वप्नही खरं वाटतं. पण शंका घेणारा मी आहे यावर शंका घेता येत नाही. तिथून बुद्धीच्या जोरावर सगळं परत उभं करायचं. लॉक म्हणतो मन कोरं असतं, सगळं अनुभवातून येतं. ह्यूम हे शेवटापर्यंत नेतो: कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीला लागला आणि सोंगटी सरकली, तुम्ही नक्की काय पाहिलं? आधी हे आणि मग ते. "त्यामुळे" कुठे दिसलं? ती आपल्या मनाची सवय आहे. हे खरं असेल तर न्यूटनचं विज्ञान कशावर उभं आहे? कांट याने हादरला आणि १७८१ मध्ये उत्तर दिलं की कार्यकारण ही अनुभवातून शिकायची गोष्ट नाही, ती असल्याशिवाय आपल्याला अनुभव येऊच शकत नाही. ज्ञान आधीपासून आत आहे का बाहेरून येतं, हा मेनोमधल्या त्या गुलाम मुलाचाच प्रश्न आहे.

प्र. वाचायला सुरुवात कुठून करू? ग्रीक यायला पाहिजे का?

ग्रीक नको. "युथिफ्रो", "अपॉलॉजी", "क्रिटो" या क्रमाने, तिन्ही छोटे आहेत. मग "मेनो". "रिपब्लिक"चा पहिला, दुसरा आणि सातवा भाग आधी वाचला तरी चालेल. ॲरिस्टॉटलच्या "निकोमॅकियन एथिक्स"चे पहिले दोन भाग, पण सावकाश, कारण ती प्रसिद्ध करायला लिहिलेली पुस्तकं नाहीत, शिकवण्याच्या टिपणांसारखी आहेत. इंग्रजी कच्चं असेल तर आधी मराठी विश्वकोशातली नोंद वाचून घ्या, ऑनलाइन फुकट आहे. बेंजामिन जोवेटची प्लेटोची जुनी इंग्रजी भाषांतरंही फुकट मिळतात, भाषा जरा जड आहे.

पानाच्या कडेला १७अ, २१ड असे आकडे दिसतील ते १५७८ साली छापलेल्या आवृत्तीचे पान आणि भाग आहेत, सगळ्या भाषांतरांत तेच असतात. कुणी "अपॉलॉजी २१ड" म्हणालं तर तुमच्या हातात कुठलंही भाषांतर असो, तिथेच जा, तिथे तो पुढाऱ्याशी बोलून बाहेर पडलेला असतो.